बिनगोळीची बंदूक



या पानावर एरवी आम्ही बेण्याची निवड, खोडव्याचे खत आणि तोडणीचा कार्यक्रम यांवरच लिहितो. पुष्कळ सभासद ते न वाचता तेच विचारायला गट कार्यालयात येतात, ही गोष्ट वेगळी. या वेळी विषय जरा आडवाटेचा घेतला आहे. त्याला कारण घडले.

गेल्या हंगामात कन्हान गटातल्या नदीकाठच्या एका सभासदाच्या वावरात चित्रीकरणवाली मंडळी जागा पाहून गेली. उभा ऊस, खाली नदीचे पात्र, लांबवर रेल्वेचा पूल. जागा त्यांना पसंत पडली. भाड्याचे बोलणे झाले. जाता जाता त्यांच्यातल्या एकाने सभासदाला विचारले, "भाऊ, तुमच्याकडे परवान्याची बंदूक आहे म्हणतात. एक दिवस द्याल का? गोळी नाही घालायची, नुसता बार काढायचा आहे." सभासद दुसऱ्या दिवशी गट कार्यालयात हजर. "साहेब, गोळीच नाही तं मारन काय? देऊन टाकू काय?"

देऊ नका, असे आम्ही लगेच सांगितले. पण का देऊ नका, हे सांगायला चहाचे दोन कप लागले. शिवाय दिवाळीनंतर मौदा-भंडाऱ्याकडे मंडईचे दिवस सुरू होतात, रात्र-रात्र नाटके रंगतात, खडी गंमत उभी राहते, आणि कुठल्या ना कुठल्या मंडळाला दरोडेखोराच्या किंवा फौजदाराच्या हाती 'खरीखुरी' बंदूक पाहिजे असते. तेव्हा हा विषय एकदा सविस्तर मांडावा असे ठरविले.

आधी कोरे काडतूस म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेचे किंवा पुठ्ठ्याचे नळकांडे, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, मध्ये दारू आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे. कोऱ्या काडतुसात, ज्याला सारे 'ब्लँक' म्हणतात, गोळी तेवढी नसते. बाकी सगळे असते. दारू सांडू नये म्हणून नळकांड्याचे तोंड चुण्या पाडून मिटवतात किंवा वर पुठ्ठ्याची, कागदाची, नमद्याची चकती दाबून बसवतात. घोडा पडला की टोपी पेटते, दारूचा एका क्षणात तापलेला वायू होतो, आणि तो नळीच्या तोंडातून जाळ, धूर आणि आवाज घेऊन बाहेर पडतो.

आता गंमत अशी की, गोळी नाही म्हणजे जोर कमी, असे जे आपण धरून चालतो ते खरे नाही. गोळी असते तेव्हा वायूला ढकलायला काहीतरी वजन असते, त्यामुळे दाब चढतो आणि दारू नीट जळते. कोऱ्या काडतुसात तो अडसर नाही, म्हणून त्यात झटकन जळणारी दारू घालतात. पडद्यावर जाळ मोठा दिसावा म्हणून तिचे प्रमाणही ठरवून घेतात. परदेशातले शस्त्रप्रमुख पूर्ण, अर्धा आणि पाव अशा मापांनी ही काडतुसे मागवतात. नळीच्या तोंडापासून हात-दोन हातांवर तो वायू आणि ती चकती हेच गोळीचे काम करतात. कानाचे तर विचारूच नका. बंदुकीचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि असा आवाज एकदाच झाला तरी कानाला कायमची इजा होऊ शकते.

दारूचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिचा संबंध आपल्या वावराशी आहे. पूर्वीची काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. भरमार बंदुकीत आजही तीच ठासतात. पण १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय या रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. तिचा मूळ माल कापूस. सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू घ्यायचे, त्यांच्यावर नत्राम्लाची प्रक्रिया करायची, आणि जो पदार्थ होतो तो ईथर व अल्कोहोलच्या मिश्रणात मळून त्याची पाने किंवा दाणे पाडायचे. अल्कोहोल कशापासून होते हे साखर कारखान्याच्या सभासदाला सांगायला नको. म्हणजे वऱ्हाडचा कापूस आणि उसाची मळी, दोन्ही या कामाला चालतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध कारखाना आहे, तिथे अशाच जातीची दारू आणि स्फोटके होतात. २०२५ च्या जानेवारीत तिथे झालेल्या स्फोटात आठ कामगार गेले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही.

त्याहून नवल असे की, जुन्या सिनेमाची रीळसुद्धा याच पदार्थाची असे. नत्राम्लात मुरवलेला कापूस आणि कापूर मिळून सेल्युलॉइड होते. त्यावर चित्रे उमटवायची. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' अशाच पट्टीवर उतरला. ही पट्टी एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. १९५० च्या सुमारास कारखानदारांनी तिचे उत्पादन थांबविले, पण जुन्या पेट्या होत्या त्या राहिल्याच. पुण्यात जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात २००३ साली लागलेल्या आगीत असल्याच कितीतरी जुन्या रिळा भस्म झाल्या. पडद्यावर बंदूक दाखवणारी पट्टी आणि बंदुकीतली दारू ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे होती.

मुद्दाम बनवावी का लागते?

खोटी बंदूक ही खास बनवून घ्यावी लागते, ती का, हे समजले की निम्मा विषय समजला.

रिव्हॉल्व्हरचे सोपे आहे. 'शोले'मधला गब्बर आठवा. सहा घरांची चरखी, तीन बार हवेत, तीन माणसांसाठी तीन गोळ्या शिल्लक, आणि मग चरखी फिरवून नशिबाचा खेळ. चरखी बोटाच्या जोरावर फिरते, काडतुसाच्या जोरावर नाही. तिच्यात गोळी असो-नसो, चाप ओढला की पुढचे घर समोर येते.

पण पिस्तूल, स्टेनगन, मशीनगन यांचे तसे नाही. त्यांत एक बार झाला की त्याच बाराच्या दाबाने रिकामे नळकांडे बाहेर फेकले जाते, पुढचे काडतूस आत सरकते, घोडा पुन्हा चढतो. दाब चढायला नळीत गोळी हवी. गोळीच नसली तर वायू मोकळ्या नळीतून सुसाट निघून जातो आणि यंत्र जागचे हलत नाही. फवारणी पंपाचे उदाहरण घ्या. नोझलचे भोक झिजून मोठे झाले की पंप कितीही मारा, फवारा पडतो तो धारच होऊन. दाबच राहत नाही. कारागीर नेमके हेच उलटे करतात. बंदुकीच्या नळीत आट्यांची एक डाटणी बसवतात आणि तिला मध्ये बारीक भोक ठेवतात. भोक किती मिलिमीटर, दारू किती, स्प्रिंग किती कडक, या तिन्हींचा मेळ बसला तर बंदूक धडाधड चालते. भोक लहान झाले तर दाब वाढून भाग फुटतो, मोठे झाले तर बंदूक दर बाराला अडते. काही पिस्तुलांत नळी आणि वरची सरक यांना जखडणारे दातच कापून टाकावे लागतात. अमेरिकेतल्या 'द वाइल्ड बंच' (१९६९) या चित्रपटात .४५ च्या सैनिकी पिस्तुलाऐवजी त्याच्यासारखे दिसणारे ९ मिलिमीटरचे स्पॅनिश पिस्तूल वापरले, कारण .४५ चे पिस्तूल त्या काळी कोऱ्या काडतुसावर धड चालत नसे.

लष्करात हेच करतात. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. सरावात कोरी काडतुसे उडवताना रायफलीच्या तोंडावर वेगळे बूच बसवतात. त्याच्यामुळे रायफल चालते आणि बूच लांबूनही ओळखू येते, म्हणजे ही सरावाची आहे हे कळते.

तिकडे अमेरिकेत जुन्या काळी घोडेस्वारांचे चित्रपट इतके निघत की, 'पाचात एक' नावाचे कोरे काडतूस निघाले. पाच तऱ्हांच्या बंदुकांत ते एकच चाले. भांडारपालाला पाच डबे सांभाळायला नकोत, म्हणून ही युक्ती. इंग्लंडात 'स्टार वॉर्स' (१९७७) साठी ज्या परग्रहावरच्या बंदुका केल्या त्या मुळात स्टर्लिंग कारबाईन आणि जुने माउझर पिस्तूल. वरून नळ्या, दुर्बिणी आणि पत्रे जोडून त्यांना वेगळे रूप दिले. आपल्याकडे जुन्या जीपला नवी बॉडी चढवतात तसलाच प्रकार म्हणायचा.

जपानचा मार्ग आम्हाला सर्वांत आवडला. तिथे शस्त्राचे कायदे एवढे कडक आहेत की चित्रपटासाठीसुद्धा खरी बंदूक मिळत नाही. म्हणून तिथल्या कारागिरांनी नळीत थोडीशी दारू भरून ती बॅटरीच्या तारेने पेटवायची तऱ्हा काढली. चाप म्हणजे विजेचे बटण. काडतूसच नाही, तर चुकून खरे काडतूस बसण्याचा प्रश्नच मिटला.

कॅमेऱ्याचीही एक अडचण असते. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि दोन चित्रांच्या मध्ये त्याचे झाकण मिटलेले असते, म्हणजे जवळजवळ अर्धा वेळ तो आंधळा असतो. बंदुकीचा जाळ डोळ्याचे पाते लवायच्या आत संपतो. झाकण मिटलेले असताना जाळ झाला तर पडद्यावर नट नुसता हात झटकताना दिसतो. म्हणून जाळ थोडा जास्त वेळ टिकेल अशी दारू घालायची, पाच-सहा वेळा तोच प्रसंग घ्यायचा, असला खटाटोप वर्षानुवर्षे चालला. आता संगणकावर नंतर जाळ रंगवता येतो.

तीन अपघात

आता मुख्य गोष्टीकडे येतो. 'गोळीच नाही तं मारन काय' या प्रश्नाला उत्तर म्हणून तीन घटना सांगतो. तिन्ही अमेरिकेतल्या आहेत, कारण तिथे चौकशा झाल्या आणि नेमके काय झाले ते जगापुढे आले.

पहिली १९८४ ची. जॉन-एरिक हेक्सम नावाचा २६ वर्षांचा नट. दूरदर्शन मालिकेच्या सेटवर १२ ऑक्टोबरला काम लांबले, तो कंटाळला. हाती .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, त्यात कोरे काडतूस. गमतीत त्याने ते कानशिलाला लावले आणि चाप ओढला. गोळी नव्हतीच. पण नळी हाडाला टेकलेली. वायूच्या आणि चकतीच्या धक्क्याने कवटीचे हाड तुटून आत मेंदूत घुसले. १८ ऑक्टोबरला तो गेला.

दुसरी ३१ मार्च १९९३ ची, नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या विल्मिंग्टनची. ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली, वय २८, 'द क्रो' या चित्रपटात काम करत होता. ही घटना सावकाश वाचावी. रिव्हॉल्व्हर समोरून जवळून दाखवायचे असेल तर चरखीत गोळ्यांची टोके दिसली पाहिजेत. त्यासाठी जे दिखाऊ काडतूस वापरतात त्यात गोळी असते पण दारू आणि टोपी नसते. त्या सेटवर खऱ्या काडतुसांतली दारू काढून दिखाऊ काडतुसे घरच्या घरी केली. टोपी मात्र राहून गेली. केव्हातरी चाप ओढला गेला. टोपी एवढीशी, पण तिच्या जोराने गोळी नळकांड्यातून निघून नळीत मध्यावर जाऊन अडकली. कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे दुसऱ्या प्रसंगासाठी त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये कोरी काडतुसे भरली. नळीत आरपार पाहिले असते तर उजेड दिसला नसता. पण पाहिले नाही. आता हिशेब करा: नळीत गोळी आहे, मागे कोरे काडतूस आहे. दोन्ही मिळून पुरे काडतूस झाले. समोरच्या नटाने पटकथेप्रमाणे चाप ओढला आणि ब्रँडन ली पडला. कॅमेरा चालूच होता.

तिसरी २१ ऑक्टोबर २०२१ ची, न्यू मेक्सिकोमधली. 'रस्ट' नावाच्या चित्रपटाची तालीम चालू होती. हत्यार 'थंड' आहे, म्हणजे त्यात उडण्यासारखे काही नाही, असे मोठ्याने सांगून ते नटाच्या हाती दिले. दिखाऊ काडतुसांत एक खरे काडतूस मिसळलेले होते. छायाचित्रणकार हलिना हचिन्स, वय ४२, जागच्या जागी कोसळली आणि तिचा मृत्यू झाला. दिग्दर्शक जखमी झाला. शस्त्रांची जबाबदारी जिच्यावर होती त्या तरुण बाईला २०२४ साली १८ महिन्यांची कैद झाली. नटावरचा खटला त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने काढून टाकला.

या तिन्ही घटनांत बंदूक बिघडलेली नव्हती. पहिलीत नळी आणि माणूस यांच्यात अंतर नव्हते. दुसरीत नळी तपासली नाही. तिसरीत काडतुसे तपासली नाहीत. दिखाऊ काडतूस ओळखायची खूण अगदी साधी आहे: त्यात दारूच्या जागी एक छर्रा घालतात, कानाशी धरून हलवले की खुळखुळ वाजतो, किंवा नळकांड्याला बाजूने भोक पाडलेले असते. खुळखुळला नाही तर हाती धरू नये, इतके ते सोपे आहे.

चांगल्या सेटवर काय करतात? खरे काडतूस आवारातच आणू देत नाहीत. हत्यारे एकाच माणसाच्या कुलपात असतात, तोच भरतो, तोच रिकामी करतो, आणि नटाच्या हाती देण्यापूर्वी नळी आरपार दाखवतो. नेम माणसावर धरत नाहीत, बाजूला धरतात. कॅमेऱ्याच्या कोनामुळे तो समोरच धरल्यासारखा वाटतो. पुढे निदान २० फूट मोकळे ठेवायचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. आणि जिथे अंतर ठेवणे शक्य नाही, तिथे रबराची बंदूक. खऱ्या बंदुकीचा साचा घेऊन त्यात रबर ओततात, आत तार घालतात. लांबून फरक कळत नाही. 'रस्ट'नंतर तिकडच्या काही निर्मात्यांनी कोरी काडतुसेच बंद केली.

आम्हाला यात आपल्या कारखान्याची एक गोष्ट आठवते. मिल दुरुस्तीला उघडली की तिच्या स्विचला कुलूप पडते आणि किल्ली आत उतरणाऱ्या फिटरच्या खिशात राहते. शिफ्ट इंजिनिअरने मागितली तरी तो देत नाही. किल्ली एकाच्या खिशात असणे, हाच सगळा बंदोबस्त.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात १९५९ चा शस्त्र कायदा आहे. लष्करी जातीची आपोआप चालणारी शस्त्रे खाजगी माणसाला ठेवता येत नाहीत. म्हणजे टीव्हीवर जी एके-४७ दिसते ती लाकूड, फायबर, रबर किंवा ॲल्युमिनियमची असते. 'सीआयडी' मालिका १९९८ पासून वीस वर्षे चालली. दर आठवड्याला पिस्तुले निघाली. ही सगळी खोटी हत्यारे घडवणे आणि भाड्याने देणे हा मुंबईच्या चित्रनगरीच्या आसपासचा एक धंदाच होऊन बसला आहे.

पण खोटी बंदूक हुबेहूब झाली की तिचा दुसरा त्रास सुरू होतो. २०१९ च्या मे महिन्यात वसईला एका चित्रपटातली दोन सहनट पोरे अतिरेक्याच्या वेषात तशीच रस्त्यावर सिगारेट घ्यायला गेली. पाहणाऱ्याने पोलिसांना कळविले, शोधाशोध झाली आणि चौकशीअंती दोघे नट निघाले. हसण्यावारी गेले म्हणून बरे. समोरच्या शिपायाला खरे-खोटे कळायला वेळ असतोच असे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे खोटीची खरी करणे. नळी अर्धवट बंद असलेले कोऱ्या काडतुसाचे पिस्तूल लेथवर घेऊन कोणी अडसर काढून टाकला तर ते खरे शस्त्र होते. युरोपात गुन्हेगार हे सर्रास करतात. ब्रिटनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत तुर्कस्तानी बनावटीची असली पिस्तुले पोलिसांकडे जमा करण्यासाठी मुदत दिली गेली होती. आपल्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नकली शस्त्राचे खऱ्यात रूपांतर करायलाही परवाना लागतो. वर्कशॉपवाल्या सभासदांनी हे लक्षात ठेवावे. 'एवढे भोक पाडून द्या' म्हणत कोणी असे काही घेऊन आले तर ते भोक पाचशे रुपयांचे नसते.

आता त्या सभासदाच्या बारा बोअरबद्दल. परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. कलम ३ मध्ये एवढीच सवलत आहे की, परवानाधारकाच्या समक्ष, किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, दुसऱ्याने बंदूक नेली तर चालते. आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. चित्रीकरण यात बसत नाही. नाटक बसत नाही. पिकाच्या रक्षणासाठी म्हणून भरमारीचा परवाना घेतला असेल तर ती रानडुकरासाठी आहे, स्टेजसाठी नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक भर पडली: लग्नात, मिरवणुकीत, समारंभात कोणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. आत गोळी नव्हती हे कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा बंदूक खुंटीवर असलेली बरी.

शिवाय दुसरी अडचण व्यवहाराची. ज्या बंदुकीतून कालपर्यंत खरे छर्रे उडाले, तिच्या खिशात, पिशवीत, कपाटात खरी काडतुसे असतातच. बारा बोअरच्या लाल नळकांड्यावरून कोरे कोणते आणि भरलेले कोणते, हे रात्री दोन वाजता स्टेजच्या मागे मिणमिणत्या दिव्यात कोण पाहणार? 'रस्ट'वर पगारी माणूस ठेवून ते झाले नाही.

परवान्याची बंदूक नाही म्हणून दुसरी एक वस्तू आता गावोगाव दिसते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. प्लास्टिकच्या पाइपची कार्बाइड बंदूक. डुकरे, माकडे हाकलायला म्हणून ती वावरात आली आणि वावरातून पोरांच्या हाती गेली. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो, लायटरच्या ठिणगीने तो भडकतो. यातही गोळी नाही, छर्रा नाही. बार झाला नाही म्हणून पोरगे नळीत डोकावते आणि त्याच वेळी तो होतो. २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि मध्य प्रदेशातल्या इतर गावांत शंभराहून जास्त लोकांच्या, त्यांत बहुतेक मुलांच्या, डोळ्यांना यामुळे इजा झाली. काहींची दृष्टी गेली. आपली कन्हान नदी तिकडूनच, छिंदवाड्याच्या डोंगरातून येते. पाणी जसे येते तसे हे खूळही यायला वेळ लागत नाही. आलेच आहे. ज्यांच्या वावरात ही नळी असेल त्यांनी ती गोठ्यात पोरांच्या हाती लागेल अशी टाकू नये. आमचे विचाराल तर मोडूनच टाकावी.

हे सगळे वाचून मंडळवाले म्हणतील की, मग नाटकात रंग कसा भरायचा? झाडीपट्टीचे नाटक बंदुकीवाचून रंगत नाही असे मुळीच नाही. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीपासून पुढे हंगामभर रोज रात्री नवे गाव घेतात. त्या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. तिथला प्रेक्षक बंदूक पाहायला येत नाही, बोलणे ऐकायला येतो.

साखरेचे सभासद म्हणून एक युक्ती मात्र आपल्या हक्काची आहे. सिनेमात नटाच्या डोक्यावर बाटली फुटते, खिडकीतून माणूस उडी मारतो; ती काच पूर्वी साखरेची असे. साखर, पाणी आणि थोडे ग्लुकोज सिरप एकत्र करून १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि तेल लावलेल्या सपाट परातीत ओतायचे. थंड झाले की काचेसारखा पारदर्शक, ठिसूळ पापुद्रा होतो. आपल्या व्हॅक्यूम पॅनमध्ये पाक ६०-७० अंशांवरच उकळतो आणि आपल्याला दाणा हवा असतो. इथे उलट, दाणा पडू द्यायचा नाही. ग्लुकोज त्यासाठीच. ही काच हवेतला ओलावा ओढते, म्हणून सकाळी केली तर रात्रीच्या नाटकापर्यंत झाकून ठेवावी, पावसाळी दिवस असेल तर करूच नये. पुढे सिनेमावाल्यांनी राळेची काच काढली ती याच कारणाने. पाक मात्र मोठ्या माणसाने उतरवावा. त्याचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट, कारण तो कातडीला चिकटतो.

आणि बंदुकीच्या आवाजाचे म्हणाल तर तो बंदुकीतून निघायलाच पाहिजे असे नाही. सुताराकडून सागाची एक फळी करून घ्यावी, तीन-साडेतीन फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड. एका टोकाला दोरी बांधावी. विंगेत उभे राहून दुसरे टोक पायाखाली दाबावे, दोरीने फळी दोन हात वर ओढावी आणि नट चाप ओढतो त्या क्षणी सोडून द्यावी. स्टेजची जमीन लाकडी असेल तर पहिल्या रांगेतली मंडळी दचकतात. जमीन मातीची असेल तर खाली दुसरी फळी ठेवावी. नटाच्या हाती लाकडाची काळी रंगवलेली बंदूक, नळीत चिमूटभर टाल्कम पावडर आणि दस्त्याशी रबरी फुगा. फुगा दाबला की तोंडातून धूर निघाल्यासारखे दिसते. फळीवाला आणि नट यांची तालीम तेवढी आठ-दहा वेळा घ्यावी, कारण आवाज आधी आणि चाप नंतर झाला तर मेलेला माणूसही हसतो.